बिनकामाची सायकल

आपल्या वस्तीत सायकल नाही असे घर पूर्वी शोधावे लागे. पण ती सायकल कामाची होती. पहिल्या पाळीला निघालेल्याची सायकल, हँडलला जेवणाचा डबा अडकवलेली. मागे कॅरिअरवर दळण, नाहीतर रॉकेलचा कॅन. पुढे दांडीवर शाळेचे पोर. घरातला कर्ता माणूस कामावरून आला की सायकल भिंतीला टेकायची, ती दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावरच जायची. नुसते फिरायला म्हणून आमच्या वडिलांनी सायकल बाहेर काढल्याचे आम्हांला आठवत नाही.

त्यामुळे पन्नाशी ओलांडलेले दोन बाप्ये रविवारी पहाटे सायकली घेऊन निघतात आणि दुपारी पोटऱ्यांपर्यंत चिखल घेऊन परततात, हे पाहून शेजारी विचारतात, "काय काम काढले होते?" काम काहीच नव्हते म्हटले की हसतात. मुलांची आईसुद्धा सुरुवातीला हसली. हा प्रश्न इतक्यांदा कानावर आला आहे की त्याचे उत्तर एकदा नीट लिहून काढावे असे वाटले.

आम्ही देहूरोडला राहतो. आमचे मित्रही इथलेच. शाळेपासूनची ओळख, एकाच बाकावर बसलेलो. त्यांनी सत्तावीस वर्षे एका कारखान्यात लेथ मशीन चालवले. मग कारखान्याने माणसे कमी केली आणि हातात थोडे पैसे देऊन त्यांना घरी बसवले. त्या दिवसापासून हा माणूस बोलेनासा झाला. कोणी घरी गेले तर चहा मागवायचा, टीव्हीकडे बघत बसायचा. वहिनी म्हणायच्या, "भाऊजी, तुम्हीच काहीतरी करा." त्यातच साखर निघाली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. चालायला गेले की गुडघा दुखायचा.

त्यांच्या मुलाने कॉलेजात असताना गिअरची सायकल घेतली होती. पुढे मोटारसायकल आली आणि ही गॅलरीत धूळ खात पडली. ती आम्ही दोघांनी खाली उतरवली, पुसली, चेनला तेल दिले, दोन्ही ट्यूब बदलल्या. आम्ही एक जुनी, वापरलेली विकत घेतली. गुडघ्याचे म्हणाल, तर सायकलवर अंगाचा भार सीटवर असतो, त्यामुळे चालण्यापेक्षा गुडघ्यावर ताण कमी येतो. डॉक्टरांनीही हरकत घेतली नाही.

या सायकलीला माउंटन सायकल म्हणतात. आपल्या जुन्या काळ्या सायकलीचे टायर दीड इंची, गुळगुळीत. हिचे दोन इंची आणि गाठीगाठींचे, म्हणजे मातीत पकड घेतात. पुढच्या चाकाला शॉकॉबसर असतात, खड्ड्याचा दणका मनगटापर्यंत कमी पोहोचतो. पुढे तीन आणि मागे सात दातेरी चक्रे, म्हणजे एकवीस गिअर. चढाला हलका गिअर टाकला की पायडल भराभर फिरते, वेग कमी होतो, पण छाती फुटत नाही.

हिची जन्मकथा आम्हांला फार आवडते. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात मरीन काउंटी नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथले काही तरुण जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली भंगारातून आणून दुरुस्त करायचे आणि डोंगरावरच्या मातीच्या वाटेने खाली सोडायचे. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी तिथे पहिली शर्यत लावली. उतार एवढा तीव्र की मागच्या चाकातल्या ब्रेकचे ग्रीस तापून जळून जायचे आणि खाली पोहोचल्यावर पुन्हा भरावे लागायचे. पुन्हा भरणे याला इंग्रजीत म्हणतात 'रिपॅक'. तेच त्या वाटेचे नाव पडले. पुढे १९९६ साली अटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये या सायकलींची शर्यत झाली. म्हणजे आज मोठ्या दुकानात काचेमागे दिसणाऱ्या या सायकलीचा आजा भंगारातला होता. आमच्या मित्रांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग आपलीच की रे ती!"

आमचा नेहमीचा रस्ता असा. देहूरोडच्या विहारापाशी साडेपाचला भेटायचे. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली ते हेच विहार. तिथून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने सोमाटणे फाट्यापर्यंत जायचे. एवढा तुकडा गाड्यांच्या धुरात आणि भोंग्यात काढावा लागतो. फाट्याला मोठा रस्ता सोडला, परंदवडी-बेबडओहोळच्या अंगाला वळलो की कान मोकळे होतात. पुढे पवना नदी लागते. नदीच्या आसपास पाणंदी आहेत, म्हणजे दोन्ही बाजूंना शेत आणि मधून बैलगाडी जाईल एवढी वाट. आमची खरी सायकल तिथे सुरू होते.

मावळ हा भाताचा मुलूख. आषाढात लावणी चालू असते, खाचरात पाणी चकाकते, बायका ओळीने वाकलेल्या असतात. दिवाळीच्या आधी इंद्रायणी भात निसवलेला असतो, तेव्हा सकाळच्या दवात त्याचा वास वाटेवर पसरतो. मोटारसायकलवर हा वास येत नाही, एसटीच्या खिडकीतूनही येत नाही. त्यासाठी माणसाच्या वेगानेच जावे लागते.

आणि बोलणे होते. घरात समोरासमोर बसून जो माणूस तोंड उघडत नव्हता, तो शेजारी शेजारी सायकल चालवताना बोलू लागला. दोघांची नजर वाटेवर असते, कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नसते, म्हणून असेल. तिसऱ्या की चौथ्या रविवारी त्यांनी सांगितले की पहाटे पाच वाजता अजून जाग येते, आणि कारखान्याचा भोंगा आज आपल्यासाठी नाही हे आठवले की छातीत कळ येते. आम्ही काही उपदेश केला नाही. "पुढे चढ आहे, गिअर बदल," एवढेच म्हणालो. ते हसले. किती महिन्यांनी हसले होते!

एकदा मात्र घाबरण्याची वेळ आली. सकाळची गोळी घेऊन ते काही न खाताच निघाले होते. नदीपलीकडच्या एका गावाबाहेर त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, शब्द अडखळू लागले. साखर उतरली होती. जवळच एक घर होते. अंगणात एक म्हातारी आजी धान्य पाखडत होती. आम्ही हाक मारली. तिने बघितले मात्र, आत गेली आणि तांब्याभर पाण्यात मूठभर साखर ढवळून घेऊन आली. तिने स्वतः तांब्या त्यांच्या ओठांना लावला. "पी लेकरा," म्हणाली. पन्नाशीच्या माणसाला लेकरू! दहा-पंधरा मिनिटांत ते सावरले. मग भाकरी आणि दूध दिल्याशिवाय तिने सोडले नाही. नाव विचारले नाही, गाव विचारले नाही, आडनाव तर नाहीच.

सगळीकडे असेच होते असे आम्ही म्हणणार नाही. दुसऱ्या एका गावात पारावर बसलेल्या एका गृहस्थांनी आमचे चांगले स्वागत केले. मग नेहमीचा प्रश्न आला, "आडनाव काय म्हणालात?" आम्ही पूर्ण आडनाव सांगितले. त्यावर ते "असं होय" म्हणाले आणि पुढचे बोलणे तिथेच संपले. आम्हीही रामराम घातला नाही, जयभीम म्हणालो आणि पायडलवर पाय ठेवला.

त्या दिवशी वाटेत वडिलांची फार आठवण आली. पहिल्या पगारातून पैसे साठवून त्यांनी एक जुनी काळी सायकल घेतली होती. ती घेऊन ते मूळ गावी जायचे तेव्हा वेशीपाशी खाली उतरायचे. चावडी, मोठ्या लोकांची घरे हातात सायकल धरून पायी ओलांडायची आणि आपल्या वस्तीजवळ आल्यावर मग पुन्हा बसायचे. सायकल स्वतःची, घामाच्या पैशांची, पण गावातून तिच्यावर बसून जायची सोय नव्हती. वडील हे सांगताना रागावत नसत. पायातला काटा दाखवावा तसे दाखवत. आमच्या मित्रांना आम्ही हे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग पुढच्या गावातून जाताना मुद्दाम घंटी वाजवत म्हणाले, "बघ, आपण उतरलो नाही."

वर्षातून दोन-तीनदा आम्ही लांबचा पल्ला करतो, पवनानगरकडच्या बेडसे लेण्यांपर्यंत. लेण्यांच्या पायथ्याला सायकली ठेवायच्या आणि सुमारे चारशे पायऱ्या चढायच्या. लेणी पूर्वेकडे तोंड करून आहेत, सकाळचे ऊन थेट आत येते. दोन हजार वर्षांपूर्वीचे काम आहे. नाशिकहून आलेल्या आनंद नावाच्या श्रेष्ठीच्या मुलाने दान दिल्याचा लेख तिथे कोरलेला आहे. कार्ल्याच्या लेण्यात तर एका सुताराचे नाव आहे. दरवाजाचे काम करणारा सामी. कोकणातल्या बंदरांतून घाट चढून येणारा व्यापाराचा रस्ता याच मुलखातून जात होता. भिक्खू, व्यापारी, कारागीर याच डोंगरांमधून ये-जा करत होते. मशीनवर आयुष्य घालवलेले आमचे मित्र सामीचे नाव ऐकून म्हणाले, "कामगाराचे नाव दोन हजार वर्षे टिकले म्हणायचे." घरी बसवल्यापासून कामगार हा शब्द त्यांनी ताठ मानेने उच्चारलेला आम्ही तेव्हा प्रथम ऐकला.

आता रविवारचे. आम्हांला फिरायला मिळणारा हा दिवस आभाळातून पडलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मंजूर झाली. बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत असताना मांडल्या गेलेल्या विधेयकातून १९४६ चा कायदा झाला आणि बारमाही कारखान्यांतील कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. जे तास त्यांनी झगडून वाचवले ते आपण कशात घालवतो, हा विचार कधीतरी करायला हवा. ओव्हरटाइम चुकत नाही, घराचे हप्ते असतात, हे आम्हांला ठाऊक आहे. पण रविवारची एक सकाळ आपल्या अंगाला, मनाला आणि मित्राला द्यायला काय हरकत आहे?

ज्यांना निघायचे आहे त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी. नवी महागडी सायकल लागत नाही, पण ब्रेक दोन्ही पक्के हवेत. सीट एवढी उंच ठेवा की पायडल खाली गेल्यावर गुडघा किंचितच वाकलेला राहील. डांबरी रस्त्यावर हवा भरपूर ठेवा, मातीवर थोडी कमी करा, पकड चांगली मिळते. उतारावर नुसता पुढचा ब्रेक दाबू नका, दोन्ही हळूहळू दाबा आणि अंग मागे घ्या. बाभळीचा काटा कोणाला सोडत नाही, तेव्हा एक ट्यूब, पंप आणि पंक्चरचे सामान जवळ ठेवा. डोक्याला हेल्मेट, बरोबर पाणी. साखरेचा आजार असेल तर पोटात काही घालूनच निघा आणि खिशात गूळ किंवा साखर ठेवा. एक्स्प्रेसवेवर सायकलला बंदी आहे, तिकडे जाऊ नका. आणि शेताच्या बांधावरून सायकल घालू नका. बांध शेतकऱ्याने हाताने लिंपलेला असतो.

आमच्या मित्रांच्या गोळ्या सुटलेल्या नाहीत, पण डॉक्टर आता रिपोर्ट बघून मान हलवतात. गुडघा कमी दुखतो. गेल्या वर्षी त्यांनी घराखालीच एका छोट्या टपरीत सायकल दुरुस्ती सुरू केली. लेथवर बसलेला हात, चाकातला बाक काढायला त्याला वेळ लागत नाही. वस्तीतली मुले शाळा सुटली की तिथे गोळा होतात. त्यांत मुलीही असतात. त्यांना ते आवर्जून पंक्चर काढायला शिकवतात, म्हणजे रस्त्यात अडले तर कोणाची वाट बघायला नको. आमची धाकटी तिथेच शिकली, आता काही रविवारी आमच्याबरोबर येते आणि चढावर आम्हांला मागे टाकते.

तेव्हा वाचकहो, काय काम होते याचे उत्तर हे असे आहे. पोटासाठी सायकल आपण पिढ्यान्‌पिढ्या मारली. आता थोडी स्वतःसाठीही मारू. घरातल्या मुलामुलींना बरोबर घ्या, आणि गप्प झालेला एखादा मित्र असेल तर त्याच्या दारात आधी जाऊन घंटी वाजवा.