अमेरॉकाना म्हणून विकलेली पिल्लं

फीड स्टोअरमधल्या पिल्लांच्या टबावर ठळक अक्षरांत 'अमेरॉकाना' लिहिलं होतं. ते खोटं होतं, आणि त्याचा राग अजून माझ्या डोक्यातून जात नाही. इथे नॉर्थ कॅरोलिनात मागच्या अंगणात कोंबड्या पाळणं काही नवलाचं नाही. सहा पिल्लं आणली, नवऱ्याने खुराडं ठोकलं, झालं.

पिल्लं वाढू लागली तशी एकीसारखी दुसरी दिसेना. कुणी करडी, कुणी तांबूस, एकीचे पाय हिरवट तर दुसरीचे चक्क पिवळे. अमेरॉकाना ही अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने 1984 मध्ये मान्यता दिलेली जात. तिचे रंग ठरलेले, पाय निळसर करडे आणि अंडं निळं. माझ्याकडे आल्या त्या 'ईस्टर एगर', म्हणजे निळ्या अंड्यांचं रक्त कुठूनतरी आलेल्या संकरित कोंबड्या. संकरित असायला माझी काहीच हरकत नाही. पण मग तसं लिहा ना! नवख्या माणसाला कळतं का, की पिवळे पाय दिसले तिथेच जातीचा प्रश्न मिटला? दुकानात विचारायला गेले, तर "सगळे असंच म्हणतात" एवढंच उत्तर मिळालं. सगळे म्हणतात म्हणून पाटी खरी होते?

त्यातलं एक नर निघालं. दीड-दोन महिन्यांतच तीन ओळींचा तुरा जाड आणि लालभडक झाला, पंखांवर गडद तांबडे पट्टे आले. आमच्या वस्तीत नराला बंदी, म्हणून तो एका शेतकऱ्याला दिला.

पहिलं अंडं शेवाळी हिरवं होतं. फोडलं आणि टरफलाचा तुकडा उजेडात धरला, तर आतून स्वच्छ निळं! टरफल घडत असतानाच बिलिव्हर्डिनचा निळा रंग त्यात आरपार भिनतो. तपकिरी मात्र शेवटी वरून चढतो, आतपर्यंत पोचत नाही. निळ्यावर तपकिरीचा हात फिरला की हिरवं. या निळ्याचं मूळ कोंबडीच्या जनुकांत कधीकाळी शिरलेल्या विषाणूच्या तुकड्यात आहे, हे संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं. ते वाचून मी कितीतरी वेळ ते टरफल हातात घेऊन बसले होते.

पिवळ्या पायांची मात्र गुलाबीसर तपकिरी अंडी देते. तिचा तुराही साधा, एकेरी. तीन ओळींच्या तुऱ्याचं, म्हणजे वाटाणा-तुऱ्याचं, जनुक निळ्या अंड्याच्या जनुकाच्या अगदी शेजारी असतं, त्यामुळे बहुतेकदा दोन्ही बरोबर येतात, नाहीतर दोन्ही हुकतात. जातिवंत कोंबड्या पाळणारे एक गृहस्थ तिला बघून म्हणाले, "ही काढून टाका." त्या पाटीपेक्षा मला या बोलण्याचा जास्त संताप आला. ऐन थंडीत बाकीच्या थांबल्या तेव्हा हीच अंडी देत होती. संगमेश्वरहून आई फोनवर म्हणाली, "अगं, गावठी ती गावठीच, तिला कसली जात विचारतेस?"

तुम्ही घेणार असाल तर तुरा बघा, पाय बघा, आणि विकणाऱ्याला पिल्लांच्या आईबापांबद्दल विचारा. आमचा नर आता त्या शेतकऱ्याच्या मराँ जातीच्या कोंबड्यांत हिंडतो. त्यांची अंडी गडद चॉकलेटी. नराकडून निळं जनुक उतरलं, तर त्यांच्या पोरी ऑलिव्ह रंगाची अंडी देतील. नाही उतरलं, तर तपकिरीच. शेतकऱ्याने दोन तलंगा देऊ केल्यात. मी हो म्हटलंय.