चंद्रभागेच्या उगमापलीकडे

पंढरपूरच्या चंद्रभागेचे नाव आपल्याकडे कोणास ठाऊक नाही? परंतु जिच्यात चंद्रा आणि भागा या दोन नद्या खरोखरीच एकमेकींस मिळतात, ती चंद्रभागा येथून फार दूर, हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात आहे. बारालाचा नावाच्या खिंडीच्या एका अंगास चंद्रा उगम पावते, दुसऱ्या अंगास भागा. दोघी पर्वतास वळसा घालून तांडी या ठिकाणी भेटतात आणि पुढे जम्मूकडे हीच नदी चिनाब या नावाने वाहते.

सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघे तीन मोटारसायकलींवरून या संगमापाशी पोहोचलो. माझे मामा बेळगावास मोटारसायकली दुरुस्त करण्याचा धंदा करतात, वय अठ्ठावन्न. त्यांच्या जुन्या बुलेटवर मागे मी. माझा मावसभाऊ आणि त्याचा एक मित्र यांच्या स्वतःच्या नव्या गाड्या होत्या. हा मित्र आमच्यांत सर्वांत धट्टाकट्टा, गावच्या कबड्डी संघातला गडी. गाड्या रेल्वेच्या पार्सलाने चंडीगडास पाठवून तेथून आम्ही मनाली गाठली होती, आणि मनालीहून लेहपर्यंतचा सुमारे सव्वाचारशे किलोमीटरांचा पहाडी रस्ता पार करावयाचा होता.

पूर्वी या रस्त्याचा पहिलाच घाट म्हणजे ३,९७८ मीटर उंचीचा रोहतांग. तो बर्फाने बंद झाला की लाहौलची माणसे महिनोन्‌महिने जगापासून तुटलेली राहत. ३ ऑक्टोबर २०२० रोजी नऊ किलोमीटरांहून किंचित लांब असा अटल बोगदा खुला झाला, आणि आता पंधरा-वीस मिनिटांत माणूस देवदारांच्या हिरव्या देशातून उघड्या, करड्या डोंगरांच्या देशात बाहेर पडतो. तांडीच्या पंपावर मामांनी टाक्या काठोकाठ भरून शिवाय दोन डबे पेट्रोल घेतले, कारण पुढचा पंप ३६५ किलोमीटरांवर आहे अशी तेथील पाटी प्रसिद्धच आहे. बुलेटच्या कार्बुरेटरात त्यांनी लहान जेट बसविला. उंचीवर हवा विरळ होते, पेट्रोल मात्र तेवढेच येत राहते आणि इंजिन काळा धूर ओकू लागते. नव्या गाड्या हा हिशेब आपला आपण करतात, जुन्या गाडीस तो माणसाने करून द्यावा लागतो.

माणसाच्या शरीरासही हा हिशेब करावा लागतो, पण त्यास जेट बदलून चालत नाही. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा दररोज पाचशे मीटरांहून अधिक चढवू नये, असे डॉक्टर सांगतात. म्हणून आम्ही ३,२०० मीटरांवरील जिस्पा येथे दोन रात्री काढल्या. परंतु त्यापुढे दारचा सोडले की वस्तीचे असे गावच नाही. झिंगझिंगबार, मग सूरजताल, मग ४,८९० मीटरांवरची बारालाचा खिंड, आणि पलीकडे उतरून सरचूचे विस्तीर्ण पठार. तेथे उन्हाळ्यापुरते तंबू पडतात आणि बहुतेक प्रवासी रात्र तेथेच काढतात. सरचूची उंची जवळजवळ ४,३०० मीटर, म्हणजे जिस्पाहून एकदम हजार मीटर वर.

वाटेतले ओढे सकाळीच ओलांडावे लागतात. रात्री बर्फ गोठलेले असते, तेव्हा पाणी पोटरीएवढे. दुपारी ऊन चढले की तोच ओढा दगड गडगडवीत येतो. एका ओढ्यात मावसभावाची गाडी मध्येच अडकली, तेव्हा रस्त्याचे काम करणारे तिघे मजूर न बोलावताच पाण्यात उतरले आणि त्यांनी ती पलीकडे ढकलून दिली. ते झारखंडातील दुमक्याकडचे होते. या रस्त्यावर असे शेकडो मजूर दर वर्षी येतात. ज्या सीमा सडक संघटनेच्या पिवळ्या दगडांचे फोटो प्रवासी हौसेने काढतात, तिचा रस्ता प्रत्यक्षात या सपाट मुलखातल्या माणसांच्या हातांवर उभा आहे. आमच्या गाड्यांच्या किमतीविषयी त्यांनी विचारले नाही. आमच्याकडे पाऊस कसा झाला, एवढेच विचारले.

सरचूस संध्याकाळी त्या कबड्डीपटूने जेवण टाळले. डोके थोडे दुखते आहे, म्हणाला. रात्री दोनच्या सुमारास त्यास ओकाऱ्या सुरू झाल्या. तंबू चालविणारी लाहौली बाई कंदील घेऊन आली, तिने त्याचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता त्यास बाहेर उभे केले. टाचेस अंगठा लावून सरळ चाल, म्हणाली. तिसऱ्या पावलास तो कलंडला. उंचीचा विकार मेंदूपर्यंत पोहोचू लागल्याची ही खूण होय, आणि या मुलखात ती लहान मुलासही ठाऊक असते. तिने प्राणवायूचा एक छोटा सिलिंडर आणून त्याच्या नाकास नळी लावली, पण त्याच दमात सांगितले की, याने फक्त वेळ मिळेल. औषध एकच, खाली उतरणे.

सरचूचे संकट असे की, तेथून खाली जावयाचे तर आधी वरच चढावे लागते. मागे बारालाचा, पुढे ५,०६५ मीटरांची लाचुलुंग खिंड. पुढची वाट धरली तर लाचुलुंगनंतरचे पांग हे ठाणे सरचूहूनही उंच, आणि त्यापुढे टांगलांग खिंड तब्बल ५,३२८ मीटरांवर, जेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. मागची एक खिंड ओलांडली की मात्र रस्ता जिस्पापर्यंत उतरतच जातो. तेव्हा मागे, हे ठरावयास वेळ लागला नाही. प्रश्न होता कोणी मागे जावयाचे याचा. मावसभावाची रजा मोजकी होती.

"मामा, तुम्ही त्याला घेऊन जा. आम्ही दोघं पुढे जातो, लेहला वाट बघतो," तो म्हणाला.

आजाऱ्यानेही नळी बाजूस सारून तेच म्हटले, "माझ्यापायी कोणी मागं फिरू नका मामा."

मामा बुटांचे बंद बांधीत होते. ते वर न पाहताच म्हणाले, "घरनं चौघं निघालो. तुझ्या आईला मी काय तिघांचा हिशेब देऊ?"

पहाटे लेहकडून रिकामा परतणारा एक ट्रक मिळाला. आम्ही व ट्रकवाल्याने मिळून बुलेट वर चढविली. चार पावले ढकलायची आणि धापा टाकीत थांबायचे, असे अर्धा तास चालले. मामा आजाऱ्यापाशी केबिनमध्ये बसले, मी त्याची गाडी घेतली. बारालाचावर वारा असा होता की हातमोज्यांतील बोटे माझी आहेत की नाहीत हे पाहून घ्यावे लागे. ट्रकचे मागले दिवे मात्र एकदाही दृष्टीआड झाले नाहीत. ट्रकवाला आमच्यासाठी वळणावळणावर वेग कमी करीत होता. झिंगझिंगबार ओलांडल्यावर केबिनच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि हलला. तो मामांचा नव्हता, त्यावर लोकरीचा निळा मोजा होता. मावसभाऊ गाडी थांबवून रस्त्याच्या कडेला खाली बसला आणि बराच वेळ उठला नाही.

केलाँगच्या रुग्णालयात डॉक्टरांनी त्यास दोन दिवस ठेवून घेतले. ट्रकवाल्याने बुलेटचे भाडे रोखठोक घेतले; माणसाचे घेतले नाही.

त्या दोन दिवसांत केलाँग पाहावयास मिळाले, जे एरवी धावत्या गाडीवरून मागे पडले असते. बाजारात लोकरीचे रंगीत मोजे विकावयास असतात. त्यांचे विणकाम या खोऱ्याचे म्हणून ओळखले जाते. १८५६ साली जर्मन मोरेव्हियन मिशनऱ्यांनी येथे ठाणे वसविले, आणि पुढे हायडे दांपत्यातील मारिया हायडे यांनी इथल्या स्त्रियांस सुयांवर विणण्यास शिकविले. त्याच ठाण्यात येश्के या पंडिताने तिबेटी भाषेच्या कोशाचे काम केले. आपल्या लोकांचा संबंध तर याहून जुना आहे. जेझुइट फादर फ्रान्सिस्को दि आझेवेदो १६३१ साली लेहहून लाहौल व कुलूमार्गे परतले ते याच डोंगरांतून. आणि ज्या तिबेटमधील मिशनकडून ते लेहला गेले होते, तिचे संस्थापक फादर आंतोनियो दि आंद्राद यांनी १६३४ साली गोव्यात देह ठेवला. पायी, ना नळी ना सिलिंडर. असो.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मोकळीक दिली, पण घाई करू नका असे बजावून. मावसभावाने फोनवरून रजा वाढवून घेतली. कशी ते त्याने सांगितले नाही. जिस्पात आणखी एक रात्र काढून आम्ही पुन्हा निघालो. या खेपेस सरचूच्या तंबूत संध्याकाळी मामांनी काठीने धुळीत रेघ ओढली आणि चौघांसही तीवरून चालावयास लावले, स्वतःपासून आरंभ करून. तंबूवाली बाई चहा गाळीत पाहत होती. मामांचाच पाय सर्वांत अधिक डळमळला, तेव्हा ती खळखळून हसली आणि म्हणाली, याला उंची नाही, वय लागले आहे.

पुढे गाटाची एकवीस वळणे चढून, लाचुलुंग ओलांडून आम्ही पांगच्या वर मोरेच्या मैदानावर आलो. चाळीसेक किलोमीटर सपाट, दोहों बाजूंस तपकिरी डोंगर, आणि दूरवर चांगपा धनगरांचे शेळ्यांचे कळप. अशा मोकळ्या रस्त्यावरही आम्ही बुलेटच्या मागेच राहिलो, जरी नव्या गाड्यांस ती चाल कंटाळवाणी होती. टांगलांगच्या माथ्यावर पाच मिनिटेच थांबलो. उतरून रुमत्से येथे पिकलेल्या सातूची पहिली पिवळी शेते दिसली. पुन्हा डोळ्यांस शेत दिसत होते. कबड्डीपटूने तेथे सलग चार पोळ्या खाल्ल्या.

उपशीस सिंधू भेटली. लेहमध्ये आम्हांस अवघा एक दिवस मिळाला, आणि त्यातला अर्धा बुलेटचे ब्रेक-लायनर बदलण्यात गेला.