वऱ्हाडातले वऱ्हाड

वाशीमला निघालो तेव्हा घरात भांडण नव्हते. पण कन्येने इंग्रजीच्या वहीतून एक ठिणगी बरोबर घेतली होती. ‘आईबाबांचे अमुक थाटात झाले’ अशा वाक्यातल्या गाळलेल्या जागी तिने ‘मॅरेज’ भरले होते आणि बाईंनी लाल शाईने त्याचे ‘वेडिंग’ केले होते.

मास्तराला एवढे पुरते. अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या गाडीत बसल्या बसल्या मी शिकवू लागलो. वेडिंग म्हणजे तो एक दिवस : मांडव, अक्षता, जेवणावळी. मॅरेज म्हणजे त्या दिवशी जडलेले आणि पुढे चालत राहणारे नाते. वेडिंगच्या मुळाशी ‘वचन’ या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द आहे. मॅरेज हा फ्रेंचांच्या वाटेने आलेला लॅटिन पाहुणा. वेडिंग पावसात भिजते आणि त्याची गंमत सगळा गाव सांगतो. मॅरेज भिजले तर बाहेरच्यांनी चौकशी करू नये.

आपण मात्र दोन्हींना लग्नच म्हणतो. ‘लग्न मोडले’ असे ऐकले, की अक्षता पडण्यापूर्वी की नंतर, हे हळूच विचारावे लागते. ‘संसार’ हा शब्द आहे खरा, पण त्यात भांडीकुंडीही आली.

“म्हणजे बाबा, तुमचं मॅरेज झालं, वेडिंग झालंच नाही!” कन्या म्हणाली.

डब्यात शांतता पसरली. आमचे लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली झालेले : तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार आणि सह्या. आई आली नव्हती. पुढे सासूसुनेचे सूत उत्तम जमले. पण कोणाच्याही लग्नात मंगलाष्टके सुरू झाली, की आई अजूनही पाणी प्यायला उठते. आताही ती खिडकीबाहेर पाहू लागली.

वाशीमला बालाजीचे दर्शन झाले. भवानी काळूंनी अठराव्या शतकात बांधलेले हे देऊळ. दर्शनाला आलेल्या फार थोड्यांना ठाऊक असते, की हे गाव म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. १९३९ साली इथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला आणि वाकाटकांच्या इथल्या शाखेचा उलगडा झाला. अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेणारा वराहदेव हा याच शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री.

पण मला सांगायचे होते ते वेगळेच. पायऱ्यांवर बसून मी राजशेखराची गोष्ट काढली. हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या ‘काव्यमीमांसे’त ती आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष. आई बरोबर नेत नाही म्हणून तो रागावून निघून गेला. त्याला बांधून ठेवायला प्रेमासारखा दोर नाही, हे ओळखून गौरीने साहित्यविद्या नावाची वधू निर्माण केली आणि त्याच्यामागे धाडली. आधी पूर्वेकडे, मग पांचालात, अवंतीत, दक्षिणेत. प्रत्येक देशी ती नवा वेष करी, नवे नृत्य करी. पूर्वेला स्वारी फारशी वळली नाही. लांबलचक समासांत बोलत राहिली. दक्षिणेत पुरता वश झाला, तेव्हा समास गळून पडले. वैदर्भी रीती ती हीच. (रुसलेला नवरा किती अवघड शब्द वापरतो, हे माझ्या पत्नीला विचारावे.) आणि विदर्भातल्या या वत्सगुल्मात त्याने तिच्याशी गांधर्व विवाह केला.

“गांधर्व म्हणजे?” आईने विचारले.

“मांडव नाही, भटजी नाही. दोघांनी एकमेकांना वरलं.”

“आणि सरस्वती?”

“ती इथं नव्हती. दोघं हिमालयात परत गेली. तिथं सरस्वती आणि गौरी, दोघी विहिणी, थांबल्या होत्या. जोडप्यानं नमस्कार केला. त्यांनी आशीर्वाद दिला आणि कवींच्या मनात राहायला जागा दिली.”

“म्हणजे सरस्वतीलासुद्धा मुलाचं लग्न पाहायला मिळालं नाही,” आई म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

परतीच्या गाडीत दिवे लागले. कन्या झोपली होती. आई बराच वेळ गप्प होती. मग सुनेकडे वळून म्हणाली,

“सूनबाई, त्या दिवशी कचेरीत कोणतं लुगडं नेसली होतीस गं?”

सतरा वर्षांत तिने हे विचारले नव्हते. मी ‘निळं’ म्हणालो.

“हिरवं,” पत्नी म्हणाली. “काठ जांभळे. घरी ट्रंकेत आहे, दाखवते.”