लोंढा

अलंकार शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे एक वाक्य फळ्यावर लिहीत आलो : रूपकाने भाषेला शोभा येते. टेक्सासच्या सीमेविषयी वाचू लागल्यापासून ते वाक्य लिहिताना खडू अडखळतो.

अमेरिकेत परदेशी स्थलांतरितांचा विषय मूलतः केंद्र सरकारचा. 2012 साली ॲरिझोनाच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयानेही तो तसाच मानला. तरीही मार्च 2021 मध्ये टेक्सासचे गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी राज्याच्या हुकमतीखालील नॅशनल गार्डचे सैनिक मेक्सिकोच्या सीमेवर उभे केले. जानेवारी 2024 मध्ये तर ईगल पास येथील, रिओ ग्रांदे नदीकाठची एक बाग या सैनिकांनी ताब्यात घेतली आणि केंद्राच्या सीमारक्षकांनाच तेथे मज्जाव केला. राज्याने घातलेली काटेरी तार कापण्याची मुभा 22 जानेवारीस सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला दिली, तीही 5 विरुद्ध 4 अशा निसटत्या बहुमताने. दोनच दिवसांनी ॲबट यांनी जाहीर केले, की हे 'आक्रमण' आहे.

आम्हांला ती नेहमीची भाषणबाजी वाटली. मग घटनेतील कलम वाचले. काँग्रेसच्या संमतीवाचून राज्याला युद्ध करता येत नाही. अपवाद प्रत्यक्ष आक्रमणाचा, किंवा विलंब परवडणार नाही अशा संकटाचा. त्या एका शब्दाने कोणते कुलूप उघडायचे होते, ते तेव्हा ध्यानात आले.

दुसऱ्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मात्र आम्हांला नाही. 'परप्रांतीयांचे लोंढे' हे शब्द आम्ही वर्तमानपत्रांत वाचतो, निबंधाच्या वह्यांत तपासतो. त्यांच्याखाली आम्ही कधी लाल रेघ ओढलेली नाही. लोंढा म्हटले की माणसे दिसेनाशी होतात, उरते ते पाणी. आणि पाण्याला बांध घालण्यात कसले आले पाप?

त्या नदीत बुडतात ती माणसेच. 22 एप्रिल 2022 रोजी ईगल पासजवळ दोघे जण पाण्यात गटांगळ्या खाताना दिसले. पहाऱ्यावरच्या 22 वर्षांच्या एका सैनिकाने त्यांना वाचविण्यासाठी उडी टाकली, आणि तोच वाहून गेला. ज्यांना अडवायला त्याला तेथे धाडले होते, त्यांच्याकडे पाहताना त्या क्षणी तरी त्याला लोंढा दिसला नसावा.

पुढच्या खेपेस रूपक शिकवू, तेव्हा या सैनिकाविषयी सांगणार आहोत. वह्या तपासताना ती राहून गेलेली लाल रेघही ओढणार आहोत. पहिली आमच्याच जुन्या टिपणांत.