कल्याणगडाच्या पाण्यात

गेल्या मार्गशीर्षात आमचा धाकटा चुलतभाऊ अमेरिकेहून सांगलीस आला. तिकडे हिवाळ्यात लोक रुंद, जाळीदार पादुका पायांस बांधून बर्फातून डोंगर चढतात; त्यायोगे पाय रुतत नाहीत. अशा एका सहलीची छायाचित्रे तो माजघरात सर्वांस दाखवीत होता. आमच्या बहात्तर वर्षांच्या आत्याने ती कौतुकाने पाहिली आणि मग ती म्हणाली, "तुझ्या बर्फाचे राहू दे. मला कल्याणगडाच्या पाण्यात कोण नेतो, ते सांग."

हे पाणी आमच्या घरात पुराणप्रसिद्ध आहे. आत्या दहा वर्षांची असताना घरची मंडळी त्या गडास गेली होती. पुरुष आणि मुलगे वर गेले. बायकामुलींस पायथ्याच्या आंब्याखाली स्वयंपाकास ठेवले. तिसऱ्या प्रहरी माझे वडील ओल्या कपड्यांनिशी खाली आले. गडाच्या पोटातील अंधाऱ्या पाण्याची आणि पलीकडच्या शेषशायी विष्णूची जी हकीकत त्यांनी तेव्हा सांगितली, ती ते आजतागायत सांगत आहेत. आत्या साठ वर्षे ती मुकाट्याने ऐकत आली होती.

साताऱ्यास आमच्या मावशीकडे मुक्काम करून आम्ही तिघे भल्या पहाटे निघालो. कल्याणगड साताऱ्याच्या ईशान्येस, कोरेगाव तालुक्यात आहे. नंदगिरी हे त्याचे दुसरे नाव. अजिंक्यतारा, सज्जनगड यांच्या वाटेस लागणारी गर्दी इकडे वळत नाही. महादेवाच्या डोंगरांचा एक फाटा पुढे येऊन जेथे थांबतो, तेथे सुमारे ३५०० फूट उंचीवर हा गड उभा आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याने तो बांधला असे मानतात. पुढे शिवकाळात तो स्वराज्यात आला आणि १८१८ साली इंग्रजांच्या हाती गेला.

पायथ्याचे गाव मागे टाकून चढणीस लागलो तेव्हा गवत दवाने ओले होते. आत्याने लुगड्याचा काचा मारला होता आणि हाती काठी घेतली होती. ती दर शंभर पावलांवर थांबे, परंतु "दमलीस का?" असे विचारताच "छे! जरंडेश्वर पाहते आहे" असे उत्तर येई. तरण्या माणसाची तासाभराची ती चढण; आम्हांस अडीच तास लागले.

पहिल्या दरवाजातून आत गेल्यावर एक वाट डावीकडे खाली उतरते आणि कड्याच्या पोटातील एका बुटक्या तोंडापाशी संपते. आत सुमारे शंभर फूट लांबीचे भुयार आहे आणि त्यात बाराही महिने पाणी असते. उन्हाने तापलेल्या अंगावर आतला गारवा आला, तशी माझी छाती धडधडली. पाणी मांड्यांपर्यंत, तळ निसरडा, आणि बरोबर बहात्तर वर्षांचे माणूस! मी म्हणालो, "आत्या, तू येथेच सावलीत बैस. आम्ही आत जाऊन छायाचित्रे काढून आणतो. तुला सारे दिसेल."

ती रागावली नाही. शांतपणे म्हणाली, "दादाही असेच बोलले होते. त्यांचाही माझ्यावर फार जीव होता."

मला उत्तर सुचले नाही. आजोबांच्या मनाईस आम्ही नातवंडे जुनाट म्हणून हसत असू. पण तीच मनाई मायेचे पांघरूण घेऊन माझ्या तोंडून बाहेर पडली होती. भय खोटे नव्हते. मात्र ते पत्करावयाचे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हे मी तिला विचारलेच नव्हते.

विजेरी घेऊन भाऊ पुढे झाला, मी मागे राहिलो. आत्या कठड्यास धरून पाऊल चाचपीत चालली. एकदा तिचा पाय घसरला. मी दंड धरला. "धर, पण ओढू नकोस," एवढेच ती म्हणाली. पाणी तिच्या कमरेस लागले होते. दात वाजत होते, आणि तोंडाने दत्ताचे नाव चालले होते.

शेवटी कोरडी जागा लागली. तेथे दत्ताची मूर्ती आहे; चारच दिवसांवर दत्तजयंती होती. आत्याने हात जोडले. मग विजेरीचा झोत दुसऱ्या मूर्तीकडे वळला. मस्तकावर नागाच्या फणांचे छत्र. भाऊ म्हणाला, "हाच का काकांचा शेषशायी?"

आत्या जवळ गेली, क्षणभर निरखून पाहू लागली आणि हसली. "अरे, हा विष्णू नव्हे, पार्श्वनाथ! शेजारच्या काकींबरोबर बस्तीत किती वेळा पाहिला आहे मी." सांगलीत जैन बिऱ्हाडांच्या शेजारात वाढलेल्या तिला ते ओळखण्यास पोथी लागली नाही. साठ वर्षे आमच्या घरात जो विष्णू नांदत होता, त्यास खरे नाव देण्यास तीच पाण्यातून यावी लागली.

वर माथ्यावर मारुतीचे देऊळ आहे, तळे आहे, पडक्या वाड्यांची जोती आहेत. तेथे ऊन खात आम्ही दशम्या, शेंगांची चटणी आणि सांगलीचे भडंग खाल्ले. समोर चंदन आणि वंदन हे जोडगड दिसत होते. आत्याने लुगड्याचा ओला पदर वाऱ्यावर धरला आणि बराच वेळ ती काही बोलली नाही.

सांगलीस परतलो तेव्हा वडील झोपाळ्यावर होते. त्यांनी विचारले, "काय, विष्णू पाहिलास?" आत्याने सांगितले. ते थोडे खट्टू झाले. मशालीच्या उजेडात पोरांस काय कळणार, असे काहीसे पुटपुटले. परंतु दुसऱ्या दिवशी कोणी पाहुणे आले आणि कल्याणगडाची गोष्ट निघाली, तेव्हा वडिलांनी झोपाळा थांबविला आणि ते म्हणाले, "ती हकीकत आता हिच्याकडून ऐका."