कोमट पाणी

२०१६च्या मे महिन्यात मी आणि आमचे हे पहिल्यांदाच अमेरिकेला निघालो, न्यू जर्सीत एडिसनला मुलाकडे. मुंबईहून मध्यरात्रीनंतरचं विमान, युरोपात एका ठिकाणी विमान बदलायचं, तिथून नेवार्क. मी शाळेत तीस वर्षं शिकवलेलं. इंग्रजी वाचायला अडचण नाही, बोलताना मात्र वाक्य आधी मनात जुळवावं लागतं.

दुसऱ्या विमानात यांना खिडकी, मला मधली जागा आणि कडेला साठीचे एक गोरे गृहस्थ. पेयांची गाडी आली. हवाई सुंदरी (पन्नाशीची होती, पण आपल्याकडे अजून हाच शब्द चालतो) त्यांच्याकडे वाकून हसली, काय घेणार, बर्फ हवा का, असं विचारू लागली. आमच्यापुढे न विचारताच पाण्याचे दोन पेले ठेवले आणि गाडी पुढे. मला रक्तदाबाची गोळी घ्यायची होती. थंड पाण्याने माझा घसा धरतो, म्हणून कोमट पाणी मागितलं. ‘लेटर,’ म्हणाली. अर्ध्या तासाने परत मागितलं. मान हलली, पाणी आलं नाही. मग बेल दाबली, तर कुणीसं येऊन वरचा दिवा बंद करून गेलं.

थोड्या वेळाने ती त्या गृहस्थांची दुसरी वाइन घेऊन आली. त्यांनी माझ्याकडे हात करून तिला काहीतरी सांगितलं. दोन मिनिटांत वाफाळतं पाणी हजर. आणि ते तिने दिलं त्यांच्या हातात. त्यांनी पेला माझ्याकडे सरकवला आणि ‘सॉरी’ म्हणाले. कशाबद्दल ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

घरी पोचल्यावर या पाण्यावर दोन दिवस चर्चा. सून म्हणाली, तुमचे उच्चार तिला कळले नसतील. मुलगा म्हणाला, “आई, तो माणूस त्या कंपनीचा नेहमीचा प्रवासी असेल, त्यांच्या यादीत तशी खूण असते.” हे म्हणाले, “अगं, दमली असेल बिचारी.” तिन्ही कारणं पटण्यासारखी. या प्रकारात हेच वाईट असतं. शिवी कुणी देत नाही. राहतो तो आवाजातला फरक, आणि तो दाखवायचा कुणाला? मग रात्रभर आपणच आपल्याला विचारत बसायचं, की आपण फार मनाला लावून घेतोय का? कडेच्या गृहस्थांना हा प्रश्न कधी पडला नसेल.

आपल्या लोकांची बाजू घेऊन मी बोलत नाही. मुंबईच्या विमानाची चाकं जमिनीला लागली की निम्मे प्रवासी उठून वरचे कप्पे उघडतात, घोषणा कुणी ऐकत नाही. या मार्गावरचे कर्मचारी म्हणे आधीपासूनच कपाळाला आठ्या घालून येतात. असतील. मी त्या दिवशी उठले नव्हते.

मुलाने शेवटी तक्रार करायला लावली. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे वंश, वर्ण, मूळ देश, धर्म, लिंग यांवरून विमान कंपनीला प्रवाशात भेद करता येत नाही, आणि तिथे ये-जा करणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही तो लागू आहे. लेखी तक्रारीची पोच ३० दिवसांत आणि उत्तर ६० दिवसांत द्यावं लागतं. उत्तर वेळेत आलं. आपल्याला असं वाटलं याचा खेद आहे, असं त्यात होतं. ‘घडलं’ नव्हे, ‘वाटलं’. व्याकरण शिकवलेल्या बाईला हा फरक कळतो.

कधी कातडीपेक्षा पासपोर्टचा रंग जास्त बोलतो, तेही खरं. १ डिसेंबर २०२४ला मुंबईहून बहरीनमार्गे मँचेस्टरला जाणारे प्रवासी घेऊन बहरीनहून निघालेलं एक विमान बिघाडामुळे कुवेतला उतरलं. ब्रिटन-अमेरिकेच्या पासपोर्टवाल्यांना हॉटेल मिळालं आणि आम्ही तासन्‌तास विमानतळावरच, अशी भारतीय प्रवाशांची तक्रार होती. कारण व्हिसाचं सांगितलं गेलं. व्हिसाचा नियम निदान छापलेला असतो.

गेल्या वर्षी अमेरिकेहून परतताना आखातातून आलो. तिथून मुंबईपर्यंत माझ्या शेजारी खेडचा एक ड्रायव्हर होता, दोन वर्षांनी घरी चाललेला. मी मराठी म्हटल्यावर तो खुलला, मुलीचे फोटो दाखवले. त्याने पाणी मागितलं. हवाई सुंदरी आपल्याकडचीच, हिंदी बोलणारी. त्याने परत मागितलं तशी ती फटकन म्हणाली, “एक बार बोला ना? बैठो.” तो बसलेलाच होता. लगेच माझ्याकडे वळून तिने गोड आवाजात इंग्रजीत विचारलं, मॅम, आपल्याला काय आणू?

मी कॉफी सांगितली. ती लगेच आली.

“ऱ्हाऊ दे मावशी,” तो म्हणाला, “उतरल्यावर पिऊ.”

तक्रार कशी करायची हे आता मला माहीत होतं. तिच्या छातीवरच्या पट्टीवरचं नावही मी वाचलं होतं. तक्रार मी केली नाही.