पाहुण्यांच्या गर्दीत यजमान कुठे?

रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या दोस्तांना बेंजो समजावून सांगायला नको. थळ-वरसोलीपासून मुरुडपर्यंत कुठल्याही हळदीला जा, बटणं दाबत तारा छेडायचं ते पेटीसारखं वाद्य कोळीगीताची चाल धरून असतं आणि भोवती ढोलकी, ताशा, की-बोर्ड. आमच्या अलिबागेत दुसऱ्या दिवशी हमखास ऐकू येणारं एक वाक्य आहे : "पार्टी झकास होती, पण बेंजो काही ऐकूच आला नाही!"

अगदी हीच तक्रार गेल्या मे महिन्यात माझ्या भाच्यानं केली. ती मात्र जगातल्या एका नामवंत गिटारवादकाबद्दल. भाचा नववीत, वर्षभर गिटार शिकतोय. त्याला मी 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे' ऐकायला दिला होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "मामा, अल्बम गिटारवाल्याचा ना? मग तो आहे कुठे?"

आता हा गिटारवाला कोण, ते सांगतो. जॉन मॅक्लॉक्लिन, जन्म १९४२, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचे. १९७१ मध्ये त्यांनी 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' काढला. जॅझ आणि रॉक यांचं मिश्रण, आणि आवाज असा दणदणीत की खिडक्यांची तावदानं थरथरावीत. मग १९७५च्या सुमाराला हाच माणूस साधी, बिनविजेची गिटार घेऊन झाकिर हुसेन यांच्या तबल्याशेजारी मांडी घालून बसला. त्या संचाचं नाव 'शक्ती'. (श्रीवर्धनकडच्या वाचकांना शक्ती-तुरा आठवला असेल. त्याचा याच्याशी काही संबंध नाही!) दणदणाटाची सवय झालेले रॉकचे कितीतरी चाहते तेव्हा हिरमुसले होते.

पुढे १९९७ पासून हा संच नव्यानं उभा राहिला. झाकिरभाई, मॅन्डोलिनवर यू. श्रीनिवास, खंजिऱ्यावर सेल्वागणेश आणि मॅक्लॉक्लिन. डिसेंबर २००० मध्ये मुंबईत त्यांचे कार्यक्रम झाले, त्यांचंच ध्वनिमुद्रण म्हणजे हा २००१ चा अल्बम. संच चौघांचा, पण पाहुणे बघा : संतूरवर शिवकुमार शर्मा, स्लाइड गिटारवर देबाशीष भट्टाचार्य, गायला शंकर महादेवन, शिवाय शिवमणी, तौफिक कुरेशी, पखवाजवाले, ढोलकवाले. भाच्याला गिटार सापडेना, यात नवल नाही.

असा आक्षेप घेणारा तो पहिला नव्हे. मॅक्लॉक्लिन यांचे जुने दोस्त कार्लोस सांताना (दोघांनी १९७३ मध्ये मिळून एक अल्बमही केला होता) यांनी १९९९ मध्ये 'सुपरनॅचरल' आणला. तोही पाहुण्यांनी गच्च भरलेला. एकट्या अमेरिकेत त्याला दीड कोटी प्रतींचं प्रमाणपत्र मिळालं, आणि फेब्रुवारी २००० मध्ये सांतानांनी एका रात्रीत आठ ग्रॅमी घरी नेल्या. समीक्षकांनी वाहवा केली. काहींनी नाकंही मुरडली. गाणी पाहुण्यांच्या मापानं बेतलेली, म्हणाले, आणि सांताना स्वतःच्याच घरात पाहुणा. मला विचाराल तर या म्हणण्यात तथ्य आहे. 'स्मूद' हे सर्वांत गाजलेलं गाणं दुसऱ्यांनीच लिहिलेलं होतं, गायलेलंही दुसऱ्यानंच. तरीही गिटारचा पहिला सूर लागला की माणूस ओळखू येतो, हेही तितकंच खरं.

पण मुंबईच्या अल्बमला तीच फूटपट्टी लावता येईल का? इथे सगळे एकाच मंचावर, एकमेकांच्या समोर. कोण कधी थांबणार, हे नजरेनं ठरायचं. मी भाच्याला म्हटलं, "आता फक्त गिटारकडे कान दे. ती वाजत नसेल तेव्हासुद्धा." 'शृंगार' ही रचना वीस मिनिटांहून मोठी. ती आम्ही माजघरात पंखा बंद करून ऐकली. घामाच्या धारा! संतूर बोलत असताना गिटार किती मागे सरते, हे त्याला तेव्हा कळलं. "अरे, तो ऐकतोय!" असं तो पटकन बोलून गेला. अठ्ठावन्न वर्षांचा, जगभर नाव झालेला माणूस स्वतःच्या अल्बममध्ये दुसऱ्याला पुढे करून ऐकत बसतो, हे मलाही तोवर इतकं स्पष्ट जाणवलं नव्हतं. तालवाद्यांची गर्दी मात्र काही ठिकाणी जास्तच आहे, यावर आम्हा मामा-भाच्यांचं एकमत झालं.

त्या वेळी पाहुणे म्हणून आलेले शंकर महादेवन पुढे संचातलेच एक झाले. 'धिस मोमेंट' या २०२३ च्या अल्बमला फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमी मिळाली, ती घ्यायला तेही मंचावर होते. पण मॅन्डोलिनवाले श्रीनिवास २०१४ मध्ये अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी गेले. शिवकुमारजी २०२२ मध्ये, आणि १५ डिसेंबर २०२४ ला झाकिरभाईही. त्या दोन संध्याकाळी जमलेली मंडळी आता पुन्हा एकत्र बसणार नाहीत. हे मी सांगितल्यावर भाचा थोडा वेळ गप्प होता.

शाळेच्या भित्तिपत्रकासाठी त्यानं या अल्बमचं परीक्षण लिहिलंय. 'गिटार फार कमी ऐकू येते' हे वाक्य मी कितीही सांगितलं तरी त्यानं खोडलं नाही. फक्त त्याखाली आणखी एक वाक्य घातलंय : 'शृंगार दोनदा ऐका, दुसऱ्यांदा पंखा बंद करून.'